एएमएच कमी आला म्हणून रडू नका

नमस्कार मैत्रिणींनो, आणि स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या सासूबाईंनो, आज तुम्हीही जरा लक्ष द्या.

परवा माझ्या ओपीडीत एक मुलगी आली, २९ वर्षांची, पर्समधून चार घड्या घातलेला रिपोर्ट काढला आणि एएमएच (रक्ततपासणीत मोजतात ते अँटी-म्युलेरियन हार्मोन) ०.८ एवढ्या आकड्यावर बोट ठेवून रडायलाच लागली, मॅडम मी आता आई होणारच नाही का?

तर ऐका. अंडाशयात जे बारीक बारीक फॉलिकल, म्हणजे बीजांच्या पिशव्या, असतात ते हे हार्मोन बनवतात, त्यामुळे बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज येतो. बस, तेवढंच! डब्यात तांदूळ किती आहेत ते कळलं, तांदूळ चांगला की किडका ते नाही कळलं. ते बऱ्यापैकी वयावर असतं. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, करायचं तर इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती बीजं मिळतील हे एएमएचवरून कळतं, डोसही त्यावरून ठरतो, पण बाळ होईल की नाही हे तो आकडा नीटसं सांगू शकत नाही. २९व्या वर्षी चारच बीजं निघाली तरी त्यातलं प्रत्येक बीज चाळिशीतल्या बीजापेक्षा चांगलं असण्याचा चान्स खूप जास्त असतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, ३० ते ४४ वयाच्या साधारण ७५० बायका, वंध्यत्वाचा त्रास आधी नसलेल्या, त्यांच्यात एएमएच कमी असणाऱ्यांना आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण काही कमी निघालं नाही.

आता याचा अर्थ निवांत बसा असा नाही हं, साठा कमी असेल तर आयव्हीएफच्या एका सायकलमध्ये बीजं कमी मिळतात, मग सायकल जास्त लागू शकतात, खर्च वाढतो, म्हणून वर्षानुवर्षं थांबू नका. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी एएमएच खाली दिसतो.

त्या मुलीला मी विचारलं, नवऱ्याची तपासणी झाली का? नाही म्हणाली. लग्नाला तीन वर्षं, हिच्या सतरा टेस्ट, आणि त्याची एक साधी वीर्यतपासणी नाही! मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला ये, फॉलिकल मोजू, आणि येताना त्याला घेऊन ये.