हेड कोच न झालेल्यांविषयी
(कॅलिफोर्नियातल्या बे एरियात मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. निम्म्या लोकांच्या अंगावर आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सची जर्सी दिसतेय, तेव्हा चार डाउन आणि दहा यार्ड हे अमेरिकन फुटबॉलचे प्राथमिक नियम समजावण्यात वेळ घालवत नाही. बोलायचंय एनएफएलबद्दल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगबद्दल. पत्रकात विषय छापलाय, ‘एनएफएलमधल्या सहाय्यक कोचची कारकीर्द: काय बिघडलंय, काय करता येईल’. त्या ‘काय करता येईल’पर्यंत मी येणार आहे. पण आधी माणसं.

माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो. सहाय्यक कोच असणं हा स्वतंत्र, पूर्ण पेशा आहे. लीग मात्र त्याला हेड कोच होण्याआधीची पायरी समजते, आणि वर न चढलेला माणूस मागे राहिला असं धरून चालते. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला बसत. त्यांना कोणी ‘खाँसाहेब, तुम्ही गाणार कधी?’ असं विचारलं नसेल. लाइन कोचला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला वाचवणारी दांडग्या खेळाडूंची फळी घडवणाऱ्याला, मात्र हाच प्रश्न जन्मभर विचारतात.

आकडे थोडक्यात. संघ ३२, म्हणून हेड कोचच्या जागा ३२. प्रत्येकाच्या हाताखाली वीसच्या आसपास सहाय्यक, कुठे त्याहून जास्त. तळाला क्वालिटी कंट्रोलवाली पोरं, जी रात्र रात्र सामन्यांची फिल्म कापतात आणि प्रत्येक प्लेची, म्हणजे आखलेल्या चालीची, नोंद करतात. बिल बेलिचिकने १९७५ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडे हेच केलं, आठवड्याला २५ डॉलरवर. त्यावर एकेका जागेच्या खेळाडूंना शिकवणारे पोझिशन कोच, त्यावर सगळा ऑफेन्स (आक्रमण) किंवा सगळा डिफेन्स (बचाव) सांभाळणारे कोऑर्डिनेटर. आणि नियमित मोसम संपला की दुसऱ्या दिवशी ‘ब्लॅक मंडे’, हेड कोचना काढून टाकण्याचा दिवस. त्या दिवशी बातमी एका हेड कोचची होते, पण सामानाची खोकी वीस घरांत भरली जातात.

आता बिल वॉल्श. तुम्ही म्हणाल, वॉल्श तर आपला, फोर्टीनाइनर्सचा, तीन सुपर बोल (लीगच्या अंतिम लढती) जिंकलेला हेड कोच! हो, पण मला सिनसिनाटीतला वॉल्श सांगायचाय. १९६८ मध्ये तिथे बेंगल्स हा नवा संघ उभा राहिला. उभा करणारा पॉल ब्राउन, म्हणजे क्लीव्हलंडच्या संघाला ज्याचं नाव आहे तो. (स्वतःच्या नावाच्या संघातून काढून टाकलेला माणूस! तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि मंडळाने बोलावलं तर मी ते आनंदाने देईन.) वॉल्श त्याचा सहाय्यक. १९६९ ला त्यांना ग्रेग कुक मिळाला, तोफेसारखा हात असलेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू. त्याच वर्षी त्याचा खांदा गेला. त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरकडे तो हात नव्हता. डोकं होतं, पाय होते, अचूकपणा होता. मग वॉल्शने आहे त्या हाताला शोभेल असा खेळ मांडला. छोटे, आडवे पास, पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या पावलांशी क्वार्टरबॅकच्या पावलांचा हिशोब जुळवलेला. १९७१ मध्ये हाच कार्टर पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत लीगमध्ये पहिला आला. ज्याला आपण पुढे ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ म्हणायला लागलो, तो वेस्ट कोस्टला नव्हे, सिनसिनाटीत ओहायो नदीच्या काठी जन्मला, आणि तो जन्माला घातला एका सहाय्यकाने.

नंतर ऑगस्टाना नावाच्या छोट्या कॉलेजातून आलेला केन अँडरसन. वॉल्शने त्याला घडवलं आणि १९७४, १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं तो पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पास फेकण्याच्या एकूण गुणांकनात, लीगमध्ये अव्वल राहिला. वॉल्श वर प्रेस बॉक्समधून प्ले सांगे, पण टीव्हीवर दिसे तो कडेला उभा असलेला ब्राउन.

१ जानेवारी १९७६. ब्राउन कोचिंगमधून निवृत्त झाला. आठ वर्षं ऑफेन्सचा मेंदू असलेला वॉल्श ४४ वर्षांचा होता आणि जागा आपलीच असं धरून होता. ब्राउनने निवडला लाइन कोच बिल जॉन्सन. एवढ्यावर थांबलं असतं तरी समजू शकलो असतो, संघ त्याचा, निवड त्याची. पण आपण इतर संघांकडे अर्ज केले तेव्हा ब्राउनने आपल्याविरुद्ध शब्द टाकला, असं वॉल्श पुढे उघड सांगत असे. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. सहाय्यकाची सगळी पत त्याच्या हेड कोचच्या एका फोनवर टांगलेली असते. त्या फोनवर काय बोललं गेलं हे त्याला कधी कळत नाही, आणि दाद मागायला जागा नसते.

आणि जॉन्सनचं काय झालं? चांगला लाइन कोच. पहिल्या मोसमात १० विजय, दुसऱ्यात ८. १९७८ मध्ये सुरुवातीचे पाच सामने हरला आणि गेला. एका निर्णयाने दोन चांगले सहाय्यक चुकीच्या जागी पडले.

वॉल्श एक वर्ष सॅन डिएगोला, दोन वर्षं इथे स्टॅनफर्डला, आणि १९७९ मध्ये फोर्टीनाइनर्सकडे आला. जानेवारी १९८२, पहिला सुपर बोल. समोर कोण? बेंगल्स! क्वार्टरबॅक कोण? केन अँडरसन! २६-२१. (टाळ्या) थांबा, अजून आहे. जानेवारी १९८९, पुन्हा बेंगल्स, २०-१६, आणि त्यांचा हेड कोच सॅम वाइश, जो इथे वॉल्शचाच सहाय्यक होता.

याच १९७९ मध्ये वॉल्शने बॉब मॅकिट्रिकला ऑफेन्सिव्ह लाइन दिली. तो १९९९ पर्यंत त्याच जागी राहिला. वॉल्श गेला, सायफर्ट आला, मग मॅरियुची आला, लाइन मॅकिट्रिकचीच. पाच सुपर बोल. नवे खेळाडू निवडण्याच्या अकराव्या फेरीत घेतलेल्या जेसी सपोलूला त्याने घडवलं. २००० च्या मार्चमध्ये कॅन्सरने गेला. फोर्टीनाइनर्स दरवर्षी आपल्या एका लाइनमनला त्याच्या नावाचा पुरस्कार देतात. हा माणूस कुठे मागे राहिला, मला दाखवा.

आणि शिकागोचा संघ, बेअर्स. डिसेंबर १९८१. हेड कोच नील आर्मस्ट्राँग जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. (चंद्रावरचा नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं.) तो गेला की डिफेन्सचा कोच बडी रायनही जाणार. तेव्हा ॲलन पेज आणि गॅरी फेन्सिक यांनी पुढाकार घेतला आणि डिफेन्सच्या खेळाडूंनी ८६ वर्षांच्या मालक जॉर्ज हॅलसला पत्र लिहिलं: आमचे कोच ठेवा. पेज तर त्या मोसमानंतर निवृत्त झाला, त्याला स्वतःसाठी काही मिळवायचं नव्हतं. हाच पेज पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. हॅलसने रायनला ठेवलं आणि मग माइक डिटकाला हेड कोच नेमलं. दोघांचं पटलं नाही, पण चार वर्षांनी सुपर बोलमध्ये ४६-१०, आणि खेळाडूंनी डिटकाबरोबर रायनलाही खांद्यावर घेतलं.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय. आता भरभर सांगतो.

पहिली गोष्ट, संरक्षण. खेळाडूंची युनियन आहे, मालकांशी सामूहिक करार आहे. कोचेसची संघटना आहे, पण ती युनियन नव्हे. हेड कोच बदलला तरी चांगला पोझिशन कोच टिकावा, ही जबाबदारी मालकाने उचलायला हवी. हॅलसने ते करून दाखवलं.

पैसा. खेळाडूंच्या पगाराला कॅप, म्हणजे संघागणिक कमाल मर्यादा, आहे, कोचेसच्या नाही. म्हणजे उत्तम लाइन कोचला कोऑर्डिनेटरइतका पगार द्यायला नियम आडवा येत नाही, फक्त इच्छा. न्यू इंग्लंडचा लाइन कोच दान्ते स्कार्नेकिया २०१३ च्या मोसमानंतर निवृत्त झाला. दोन वर्षांनी डेन्व्हरमधल्या एएफसी फायनलमध्ये (सुपर बोलच्या आधीच्या लढतीत) त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी सतत मार खात होता, ते तुम्ही पाहिलंय. २०१६ मध्ये स्कार्नेकियाला परत आणलं आणि पुढच्या तीन मोसमांत दोन सुपर बोल आले. सगळं श्रेय त्याचं नाही, पण त्याची किंमत संघाला कळलेली होती.

नेमणूक. २००३ चा रूनी रूल कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक वंशांच्या उमेदवारांची मुलाखत घडवून आणतो, निवड नाही. एरिक बिएनेमी कॅन्सस सिटीत पाच मोसम ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, दोन सुपर बोल जिंकले, मुलाखतींवर मुलाखती दिल्या, हेड कोच झाला नाही. कारण काय देतात? प्ले तर हेड कोच अँडी रीड सांगतो. अहो, मग त्याच रीडच्या हाताखालचे कोऑर्डिनेटर पीडरसन आणि नेगी हेड कोच झाले ते कसे? ज्याला वर जायचंय त्याची वाट अशी अडवायची आणि ज्याला जायचं नाही त्याला अपयशी ठरवायचं, हे एकाच व्यवस्थेचं काम आहे.

शेवटचं, कॅन्टनचं हॉल ऑफ फेम, जिथे या खेळातल्या थोरांचे अर्धपुतळे बसवतात. निव्वळ सहाय्यक कोच म्हणून आजवर तिथे कोणाचीही निवड झालेली नाही. झोन ब्लिट्झ हा डिफेन्सचा डावपेच घडवणारा कोच डिक लेबो आत आहे, पण २०१० मध्ये घेतला तो ६२ इंटरसेप्शनवाला (समोरच्यांचे ६२ पास पकडलेला) खेळाडू म्हणून. २०२२ पासून सहाय्यकांसाठी वेगळा गौरव सुरू केलाय, तो चांगला आहे, पण त्याने अर्धपुतळा मिळत नाही. सहाय्यक कोचचा स्वतंत्र गट हवा, वर्षाला एक जागा हवी, आणि पहिलं नाव मॅकिट्रिकचं हवं. प्रश्न असतील तर मी चहाच्या टेबलापाशी आहे.