पीटवर बांधायचं असेल तर आधी विचारा, बैल कुठं रुततो?

नमस्कार मंडळी! हे हातात काय आहे बघा. (मूठ कॅमेऱ्याजवळ) बेळगावातल्या नर्सरीतनं आणलेलं कोकोपीट. नावात पीट आहे, पण हा नारळाच्या सोडणाचा भुसा. खरं पीट वेगळं.

दलदलीत पाणी साचून राहतं, खाली हवा पोचत नाही. मग मेलेलं शेवाळ, गवत धड कुजतच नाही. थरावर थर बसत जातो, तेच पीट. किती सावकाश? वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर पीट म्हणजे हजार वर्षं. जगाच्या जमिनीतला जेमतेम 3 टक्के भाग पीटचा, पण त्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त.

आयर्लंडात हेच पीट कापून चुलीत घालायचे. आपल्याकडच्या शेणीच म्हणा की! अरुंद पात्याच्या कुदळीनं विटेएवढे तुकडे काढायचे, पसरायचे, थोडे वाळले की एकमेकांना टेकवून उभे करायचे, म्हणजे मधनं वारा फिरतो. एकट्यादुकट्याचं काम नव्हे ते. शेजारीपाजारी मिळून करायचे, त्याला तिकडं ‘मेहल’ म्हणतात. आपल्याकडं रोप लावणीला पैरा करतात ना, तसंच. आज तुमच्या रानात, उद्या माझ्या.

आता गंमत बघा. या जमिनीचं पाणी काढलं की ती खाली बसते. इंग्लंडात होम फेन नावाची जागा आहे. तिथं 1851 साली एक लोखंडी खांब पुरला, डोकं जमिनीच्या बरोबरीत ठेवून. आज तो सुमारे 4 मीटर वर उघडा उभा आहे. खांब हलला नाही, जमीनच खाली गेली.

आणि वर जड बांधलं तर? आयर्लंडातल्या कॉर्लीला 1984 मध्ये पीट काढताना लाकडी रस्ता सापडला. ओक झाडाच्या जाड फळ्यांचा, इसवी सनापूर्वी 148 चा. काय थाट असेल बघा! पण तो आपल्याच वजनानं थोड्याच वर्षांत दलदलीत गेला. त्याचा एक तुकडा आता खास हॉलमध्ये दमट हवेत जपून ठेवलाय, वाळला तर लाकूड तडकेल म्हणून.

आज तिथलं चित्र पालटतंय. ‘बोर्ड ना मोना’ या सरकारी पीट कंपनीनं 2021 च्या जानेवारीत पीट काढणं कायमचं थांबवलं. ज्यांनी दलदलीचं पाणी काढायला आयुष्यभर चर खणले, त्यांच्यातलेच काहीजण आता तेच चर बुजवून पाणी परत अडवतायत. ऐकायला छान वाटतं, पण घरची चूल पीटवर पेटलेल्या माणसाला विचारा. 2022 पासून किरकोळ विक्रीवर बंधनं आली, ज्यांचा पिढीजात कापायचा हक्क आहे ते मात्र घरापुरतं कापू शकतात. त्याच्यावरनं भांडणं झालीच.

मग अशा जागी इमारत बांधायची तर कुणासाठी? पर्यटकांसाठी काचेचं केंद्र आणि मोठं पार्किंग? माझं मत विचाराल तर, आधी पीट कापणाऱ्यांना ओले बूट काढून चहा प्यायला जागा पाहिजे. हलकं लाकूड, जमीन न दाबणाऱ्या फळ्यांच्या वाटा, उद्या उचलून नेता येतील अशा. आणि नकाशा काढायच्या आधी त्यांना बरोबर घेऊन एक फेरफटका. ‘लोककेंद्री वास्तुकला’ म्हणतात ती एवढीच, बाकी सगळं भाषण.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? बेळगावात पीट नाही, खरं आहे. पण येळ्ळूर-वडगावच्या शिवारातली काळी माती बघा. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात घुसतं ते वेगळंच.

आमच्या गावात तळ्याच्या कडेला वर्गणी काढून समाजभवन बांधलं. दुसऱ्याच उन्हाळ्यात मागच्या भिंतीला जोत्यापासनं खिडकीपर्यंत तिरकी भेग. आता त्यात दहाचं नाणं आडवं सरकतं, मी घालून बघितलंय. उद्घाटनाला नारळ फोडताना शेजारी बसलेले एक आजोबा हळूच म्हणालेले, “इथं आमचा बैल रुतायचा की रे.” आम्ही हसलो. चहा आणायला पाठवलं मला, मी गेलो.

आता तिथंच मागं स्वयंपाकाची शेड बांधायचं चाललंय. रविवारी बैठक आहे. पण शनिवारी सकाळी मी आजोबांना घेऊन तिथं जाणार आहे. ते काठी टेकून दाखवतील, मी पहार मारून बघणार. पुढच्या व्हिडिओत पहार कुठं किती आत गेली ते दाखवतो.