पोटातली रबरी रिंग

नमस्कार श्रोतेहो.

आज खेळण्यातल्या ज्या शूरवीरांबद्दल बोलणार आहे, ते ताठ उभे राहिले तरी पावणेचार इंच भरतात. शाळेच्या सदऱ्याच्या खिशात मावतात. आणि त्यांचं सगळं बळ असतं पोटातल्या एका रबरी रिंगेत. ही रिंग लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली जी. आय. जो नावाचा सैनिक काढला, तेव्हा तो चांगला फूटभर उंच होता. मुलगे बाहुल्यांशी खेळणार नाहीत, या धास्तीने त्याला ‘ॲक्शन फिगर’ म्हणायचं ठरलं. मी त्याला बाहुलाच म्हणतो. मुलग्याने बाहुला जोजवला, भातुकलीत भात शिजवला, तर बिघडतं कुठे? आमच्या घरात दोन्ही खेळ एकाच चटईवर चालत. असो.

पुढे १९७२पासून मेगो कंपनीचे आठ इंची सुपरमॅन, बॅटमॅन आले, शिवलेले कापडी कपडे घातलेले. १९८४ साली केनर कंपनीचा सुपरमॅन आला, त्याचे पाय दाबले की तो ठोसा मारी. आज पन्नाशी-साठीतली माणसं हेच बाहुले जिवाच्या आकांताने शोधत असतात. जी. आय. जो १९८२मध्ये पावणेचार इंचांचा झाला, आणि आपल्या हाती आला तो हाच. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल कंपनी काढली, तिचा कारखाना आपल्या गोव्यात. साचे अमेरिकेचे, पण रंग कितीदा निराळेच. त्या निराळ्या रंगांपायी अमेरिकेतले संग्राहक आज भारतीय बाहुले मुद्दाम मिळवतात.

आता माझा डेस्ट्रो. हा जी. आय. जोच्या खेळातला खलनायक, पण त्याचं डोकं लखलखीत चंदेरी. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मामाने आणला. आजीने तो हातात घेतला आणि म्हणाली, “अगो बाई, हा तर देवळातल्या मुखवट्यासारखा!” आणि खरोखरच तिने त्याला पदराने पुसला. मी तेव्हा चौथीत होतो. नवा बाहुला कमरेत जरा घट्ट होता. दाराची बिजागरी कुरकुरली की आई तिला खोबरेल लावी, ते मी पाहिलेलं. मी डेस्ट्रोच्या कमरेत चांगलं चमचाभर खोबरेल सोडलं. दोन दिवस तो लोण्यासारखा वळला. तिसऱ्या दिवशी वाकवताना आत काहीतरी तुटलं आणि पाय एका हातात, धड दुसऱ्या हातात.

मी रडलो नाही. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळंफुलं टांगायच्या चौकटीखाली, जाऊन बसलो. वर सुपाऱ्यांचे घोस, नारळ, तोरिंगं लटकत होती आणि मी ते दोन तुकडे एकमेकांना लावून बघत होतो. आजोबांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह दुरुस्तीला न्यायचाच होता, तो पिशवीत घातला आणि म्हणाले, “त्यालाही घे.”

फोंड्याच्या बाजारात मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. पंपवाल्या काकांनी फूटव्हॉल्व्ह बाजूला ठेवला आणि आधी डेस्ट्रोला घेतलं. त्याला उलटा केला. पाठीत एकच स्क्रू. तो काढल्याबरोबर छाती दोन फाकांत उघडली, हात सुटले, डोकं सुटलं. आत फुगून तुटलेली रबरी रिंग. काकांनी ती हुंगली.

“खोबरेल घातलंस?”

मी मान हलवली.

“रबराला तेल नाही चालत, बाबा. कुकरच्या रिंगेलाही नाही आणि ह्यालाही नाही.”

भिंतीवर तारेत ओवलेल्या काळ्या रिंगा होत्या, बांगड्यांएवढ्या मोठ्यापासून मणी वाटाव्यात इतक्या लहानपर्यंत. एकेक काढून त्यांनी पोटात बसवून पाहिली. चौथी बसली. एक टोक छातीतल्या खुंटीला, दुसरं पायांमधल्या लोखंडी आकड्याला. वर दुसरी फाक ठेवून स्क्रू. पैसे घेतले नाहीत. फूटव्हॉल्व्हचे घेतले, ते आजोबांशी घासाघीस करून पुरेपूर घेतले.

ती रिंग मूळच्या रिंगेपेक्षा जाड होती. त्या दिवसापासून माझा डेस्ट्रो कमरेत नीट वाकला नाही. ताठ उभा राहतो, बसवला की पाय समोर ताणून बसतो. मुंबईत एका संग्राहकाने त्याला चांगली किंमत देऊ केली, अट एकच, मूळची रिंग घालून द्या. मी दिला नाही. काहीजण पाकीटसुद्धा न फोडता बाहुले काचेच्या कपाटात ठेवतात, त्यांचं मला काही केल्या पटत नाही. ज्याच्या टाचा लादीवर घासून पांढऱ्या झाल्या नाहीत, त्याच्याकडे आठवण ती कसली असणार?

तुमच्या माळ्यावर असा कुणी पडला असेल तर आज खाली काढा. ओढू नका, वाकवू नका. इतक्या वर्षांत रबर कडक झालेलं असतं, ते तुटतं आणि कधी कधी जोरात हिसका बसून प्लास्टिकही फुटतं. आधी पाठीतला स्क्रू काढा. पुन्हा सांगतो, आधी स्क्रू. रिंग बदला, पंचवीस पैशांच्या नाण्याहून किंचित लहान, नळाच्या सामानाच्या दुकानात मिळते. स्क्रू परत लावताना करकचून आवळू नका, फाका चिरतात. आणि तेल, श्रोतेहो, अजिबात नको.

मागच्या रविवारी मी डेस्ट्रो उघडला. काकांची रिंग अजून मऊ आहे. स्क्रू लावला, कपाटावर ठेवला. नमस्कार.