शेवटच्या सामन्यानंतरची पहाट

नमस्कार श्रोतेहो. शाळा-कॉलेजची सगळी वर्षं मैदानावर गेली आणि आता खेळणं थांबलंय, अशा मुलामुलींशी आज मला बोलायचंय.

शेवटचा सामना होऊन गेलेला असतो. तरी पहाटे पाचला सवयीनं जाग येते. बूट दाराशी तसेच पडलेले, तळव्याची माती वाळून गेलेली. घरचे विचारतात, "आता पुढे काय?" नोकरीची काळजी असतेच, पण त्याआधी आत काहीतरी टोचत असतं: खेळत नसेन, तर मी कोण? ज्यानं स्वतःला फक्त खेळाडू म्हणूनच ओळखलं, त्याला खेळ सोडणं जास्त जड जातं, असं क्रीडामानसशास्त्र सांगतं. तेव्हा रडू आलं तर येऊ द्या. इतकी वर्षं जीव लावलाय तुम्ही.

इंग्लंडचा धावपटू रॉजर बॅनिस्टर आठवतो. ६ मे १९५४ रोजी त्यानं एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला. चार मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला. तेव्हा तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यानं बुटांचे खिळे घासून धारदार केले होते. त्याच वर्षी त्यानं स्पर्धा सोडल्या आणि पुढे मज्जाविकारतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर काम केलं. धावत असतानाच त्याचं दुसरं दार उघडं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमचं नसेल, तर ते आता उघडायचं. उशीर झालेला नाही.

बायोडेटात मात्र "शिस्त, संघभावना, नेतृत्व" एवढंच लिहून थांबू नका. हे सगळेच लिहितात. त्याऐवजी असं लिहा: "कर्णधार असताना बारा जणींच्या परीक्षा सांभाळून सरावाचं वेळापत्रक बसवलं, दोघी जखमी झाल्यावर ऐन स्पर्धेत संघाची मांडणी बदलली." वाचणाऱ्याला काम दिसायला हवं.

नव्या क्षेत्रात तुम्ही पुन्हा नवशिके असाल, आणि जिंकायची सवय असलेल्याला ते बोचतं. पण चूक दाखवली की ती ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी सुधारायची, हे तुम्ही प्रशिक्षकांकडून रोज शिकलात.

सरावाची जुनी वही असेल, तर आज रात्री काढा. दुखापतीनं बाहेर बसलात, त्या दिवसांची पानं आधी वाचा. तेव्हा कुणाला शिकवलंत, कशाची नोंद ठेवलीत, वेळ कशात रमला, तिथे खूण करा. आणि ती पानं घेऊन, आधीच खेळ सोडून कामाला लागलेल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावा.

नमस्कार.