निबवर जाऊ नका

नमस्कार श्रोतेहो.

माळ्यावरची ट्रंक खाली काढली, की त्यात एखादं शाईचं पेन सापडतंच. टोपण घट्ट बसलेलं, आतली शाई वाळून खडा झालेली. असं पेन फिरत फिरत माझ्याकडे येतं आणि सोबत एक प्रश्न घेऊन येतं, ‘हे पार्कर आहे ना हो?’ आपल्याकडे आजोबांचं प्रत्येक पेन पार्करच असतं. वनस्पती तुपाचा कुठलाही डबा जसा डालडाचा, तसं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतले एक काका असंच एक पेन घेऊन आले. त्यांचे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते, त्यांचं हे पेन. काळं, मध्यम जाडीचं. क्लिपवर बाणासारखं काहीतरी. काकांनी आधीच निकाल लावून टाकला होता. ‘बाण आहे म्हणजे पार्कर. निब सोन्याची आहे, हे बघ लिहिलंय. फक्त मागचं टोक बिघडलंय, अर्धवट फिरतं आणि अडतं.’ आणि जाता जाता हसत म्हणाले, ‘आई याला बदकाचं पेन म्हणते. वय झालंय तिचं.’

मी भिंगातून निब पाहिली. त्यावर इंग्रजीत ‘वॉरंटेड १४ कॅरट’ एवढंच होतं. अशी निब अनेकांच्या घरी असेल, म्हणून सांगतो. वॉरंटेड हे कंपनीचं नाव नव्हे. सोनं खरं असल्याची ती हमी. निब बनवणारे कारखाने अशा बिननावाच्या निब घाऊक भावात विकायचे. छोटे पेनवाले त्या बसवायचे आणि दुरुस्तीवालेही बसवायचे. त्यामुळे निबवर नाव असलं, तरी ते निबचं नाव. पेनाचं असेलच असं नाही. पेनात सगळ्यात आधी निबच मोडते आणि सगळ्यात आधी तीच बदलली जाते. क्लिपचंही तसंच. काकांच्या पेनाची क्लिप तर टोपणावर नीट बसतही नव्हती, जरा कलती होती. पार्करचा बाण १९३३ पासूनचा. तो इतका गाजला की त्याच्या नकला गल्लोगल्ली झाल्या.

मग पाहायचं कुठे? बॅरलवर, म्हणजे ज्या नळीत शाई भरते तिच्यावर. जुन्या पेनांच्या बॅरलवर कंपनीचं नाव, गाव, कधी पेटंटची तारीख दाबून उठवलेली असते. पन्नास-साठ वर्षं बोटांत आणि खिशात घासून ते पुसट होतं, पण बहुतेक वेळा पूर्ण जात नाही. ते वाचायची एक रीत आहे. खोलीत अंधार करा. टॉर्च समोरून मारू नका, बॅरलच्या लगत जवळजवळ आडवी धरा आणि पेन बोटांत सावकाश फिरवा. तिरप्या उजेडात खोलगट अक्षरांच्या कडेला बारीक सावली पडते आणि काही नसलेल्या जागी अक्षरं उभी राहतात. दिसलं की मोबाइलने फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या क्षणी ते हरवतं. आणि कृपा करून त्याआधी पेन पॉलिश करू नका. चकाकी येईल आणि उरलेलं नाव जाईल.

त्या रात्री मी काकांचं पेन असं फिरवत बसलो होतो. आधी ‘मेड इन इंग्लंड’ दिसलं. त्याच्या वर ‘मेबी टॉड’. आणि त्या अक्षरांशेजारी नखाएवढी एक आकृती. वाकवलेली मान, फुगवलेले पंख, पाण्यावर बसलेली. हंस होता तो. पण खेड्यातल्या तळ्यावर ज्यांनी बदकंच पाहिली, त्यांनी त्याला बदक म्हटलं तर चुकलं कुठे?

स्वान हे मेबी टॉड कंपनीचं नावाजलेलं पेन. कंपनी मूळची न्यू यॉर्कची, पण भरभराटली लंडनमध्ये. तिचंच थोडं स्वस्त पेन म्हणजे ब्लॅकबर्ड. पुढे बॉलपेनवाल्या बायरोनेच ही कंपनी घेतली, यातला विनोद तुमच्या लक्षात येईल.

आता ते ‘बिघडलेलं’ टोक. ते बिघडलेलं नव्हतंच. १९३० च्या दशकात स्वानने ‘लेव्हरलेस’ नावाचा प्रकार काढला. बाहेर शाई भरायची तरफ नाही. मागचं टोक थोडं फिरवलं की आतली पट्टी रबरी ट्यूब दाबते, उलट फिरवलं की ट्यूब फुगते आणि शाई ओढून घेते. ते टोक अडायलाच हवं. काकांनी पक्कड लावली नाही, हे नशीब.

शाई भरायची पद्धत हा पेनाच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. नाव पूर्ण गेलं तरी ती राहते. शेफरने तरफेचं पेटंट १९०८ मध्ये मिळवलं, पण पुढे तरफ सगळ्यांनीच केली, म्हणून नुसत्या तरफेवरून फारसं कळत नाही. बॅरलमधून चंद्रकोरीसारखा पितळी तुकडा बाहेर डोकावत असेल, तर मात्र कॉंकलिनची शक्यता मोठी. मागचं टोक पूर्ण निघतं आणि खाली बटण असतं, तर पार्करच्या जुन्या ड्युओफोल्डच्या जातीचं. टोक उघडून पिचकारीसारखा लांब दांडा बाहेर येतो, तर ओनोटो आठवावं. टोक फिरवल्यावर आतला दट्ट्या वर-खाली होतो, तर पेलिकन. त्यांनी असं पेन १९२९ मध्ये आणलं. अर्थात दट्ट्यासुद्धा नंतर बऱ्याच जणांनी केला. एका खुणेवर निकाल देऊ नये, दोन-तीन जुळल्या की बोलावं.

वॉटरमनच्या जुन्या पेनांचं मला कौतुक वाटतं. बॅरलच्या बुडाला आकडा असतो. समजा ५२. त्यातला पाच म्हणजे तरफेचं पेन आणि दोन म्हणजे निबचा आकार. १९४० च्या दशकातल्या अमेरिकन पार्करवर नावाजवळ एक इवलासा अंक दिसेल, आजूबाजूला ठिपके. अंक हा सालाचा शेवटचा आकडा आणि ठिपक्यांवरून वर्षाची तिमाही. दशक मात्र तुम्ही ओळखायचं. पेटंटच्या तारखेवरून मात्र फसू नका. शेफरवर १९०८ दिसलं म्हणून पेन १९०८ चं होत नाही, तीच तारीख कंपनी पुढे कित्येक वर्षं छापत राहिली.

रेडिओवरून वास पाठवता येत नाही, नाहीतर पुढची गोष्ट सोपी झाली असती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बरीचशी पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. अंगठ्याने जोरात घासून नाकाशी न्या, गंधकाचा वास येतो. उजेडाने काळं एबोनाइट तपकिरी पडतं, पण टोपणाखाली झाकलेला भाग काळाच राहतो. टोपण काढलं की तो पट्टा लगेच दिसतो. नंतरची रंगीबेरंगी, संगमरवरासारखी पेनं बहुतेक सेल्युलॉइडची. त्यांना कापराचा वास. कुणी सांगेल, तापवलेली सुई टोचून बघा. मुळीच नको. सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि एबोनाइट रात्रभर पाण्यात भिजत घालायचं नाही, त्याचा रंग आणखी उतरतो.

एबोनाइट दिसलं म्हणजे विलायतीच, असंही नाही हं. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी १९३२ पासून एबोनाइटची देशी पेनं केली. त्यांचं पेन वापरून गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिलं होतं, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो अशा अर्थाचं. शिवाय लेथवर कातलेली, नावच नसलेली पेनंही आपल्याकडे भरपूर झाली. तुमचं त्यातलं असेल, तर टॉर्च रात्रभर धरून काही निघणार नाही. तेवढ्याने ते वाईट लिहीत नाही.

आणि झाकलेल्या निबची पेनं. त्यांच्यावरून घराघरांत वाद होतात. पार्कर ५१ अमेरिकेत जेन्सव्हिलला झालं, बाजारात रीतसर आलं १९४१ मध्ये. चीनच्या हीरो ६१६ चा चेहरा त्याच्यावरच बेतलेला. १९५० च्या दशकातलं ५१ असेल तर बॅरल उघडा. आतल्या ट्यूबवर धातूचं आवरण असतं आणि त्यावर शाई कशी भरायची याच्या सूचना कंपनीच्या नावासकट कोरलेल्या असतात. १९४८ च्या आधीचं असेल, तर हे आवरण नसेल, मागे दाबायचा दट्ट्या असेल. टोपणावर चिनी अक्षरं दिसली, तर वाद तिथेच मिटतो.

तर काकांचं पेन. मी नवी रबरी ट्यूब शेलॅकने चिकटवली, एक दिवस वाळू दिलं आणि शाई भरून त्यांच्या घरी गेलो. काकांनी पार्कर गेल्याचं दुःख थोडक्यात आवरलं होतं. आता त्यांना स्वानची अस्सल निब हवी होती. ‘ही उपरी निब कुणी बसवली असेल रे? बाबा तर पेनाला कुणाला हात लावू देत नसत.’

खाटेवर बसलेल्या आजी पेन हातात घेऊन तो हंस नखाने चाचपत होत्या.

‘मीच बसवून आणली,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या हातून पडलं होतं, निबेवरच. दुपारच्या दुपारी बाजारात जाऊन दुसरी घातली आणि होतं तिथे ठेवून दिलं. संध्याकाळी हे लिहायला बसले, तर माझा जीव टांगणीला. एवढंच म्हणाले, शाई जरा जाड आलीय वाटतं या खेपेला.’