ळ

[संध्याकाळ. दारावर कागदी चांदणी. आतून पेटीचे सूर.]

डिसेंबरातलं नाशिक. सहा वाजले नाहीत तोच अंधारून आलंय, मफलर निघालेत. शरणपूरच्या या देवळात नाताळाआधीच्या रविवारी कविता वाचल्या जातात. हो, देवळात. इथली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. कविता ज्याची त्यानं लिहिलेली, आणि मराठीत.

शरणपूर रोड नाशिककरांच्या रोजच्या तोंडातला, पण नावातलं 'शरण' कुणाच्या लक्षात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली, आसऱ्याला आलेल्यांसाठी. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथं शिकली.

[जुन्या बाकांवरून सरकणारा कॅमेरा.]

आणि इथली कविता आयात केलेली नाही. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवीतच ख्रिस्तायन लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेले, काव्य अपुरं राहिलं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि अक्षरओळख लग्नानंतरची! १९३६ साली त्या नाशिकातच वारल्या. मराठी ख्रिस्ती माणसाला मराठीत देव भेटतो, हे चारशे वर्षांपासून चालत आलंय.

[बाकावर आजी आणि नातू. कागद. पेन्सिल.]

ही आदल्या गुरुवारची तालीम. नातू नऊ वर्षांचा. कविता त्याचीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहून आणलेली, कारण शाळेत तीच हाताखालची. आजी काही बोलल्या नाहीत. पेन्सिलीला टोक काढलं आणि प्रत्येक ओळीखाली तीच ओळ देवनागरीत लिहिली. अक्षर मोठं, घोटीव, काना सरळ.

मग वाचन. तो म्हणतो, 'नाताल'. म्हणतो, 'बाल येशू'. आजी थांबवतात. नाताळाच्या कवितेत ळ चुकवता येत नाही: बाळ, मेंढपाळ, आभाळ, सकाळ, सगळीकडं तो बसलेलाच.

"माझ्या तोंडाकडं बघ. जीभ वर वळव. टाळूला लाव. आता सोड."

"बाल."

"वळव आधी."

[जवळून. आजींचा जबडा, मुलाची जीभ.]

असं किती वेळ चाललं ते आमच्या घड्याळात आहे, वीस मिनिटं. तिकडं भगिनी मंडळाच्या बायका करंज्यांचं सारण भाजत होत्या, तरुण संघातली पोरं गव्हाणीसाठी पेंढा पसरत होती. तालमीच्या आवाजात तो खुळखुळाटही ऐकू येतो. मध्येच एकदा ळ लागला. मुलानं स्वतःच मान वर केली. "आजी, आलं ना?" आजी म्हणाल्या, "अजून एकदा, बाळा."

[रविवार. मेणबत्त्या. माइक.]

आता सगळे जमलेत. निवृत्त शिक्षकांची ओवी झाली. रात्रपाळीहून थेट आलेल्या परिचारिकेनं वॉर्डातल्या खिडकीतून दिसणारी चांदणी वाचली, आणि बाकांवर क्षणभर कुणी खोकलंसुद्धा नाही. पाळकसाहेब स्वतः शेवटच्या बाकावर, श्रोता म्हणून.

यंदा वाचणारे अकरा. एके काळी नावं वहीत मावत नसत. आता बऱ्याच घरांत प्रार्थनाही इंग्रजीत होते.

बारावं नाव मुलाचं. यादीत ते सगळ्यात खाली, आजींच्या पेन्सिलीनं लिहिलेलं. माइक त्याच्या उंचीपर्यंत खाली आणला जातोय. कागदाच्या घड्या उलगडतात. वरची ओळ तो अंगठ्यानं झाकतो, खालची वाचायला घेतो.

[निवेदन थांबतं. मुलाचा आवाज.]