मृगाच्या ढगांवर ॲस्ट्रोसॅट

(दृश्य : साखळीजवळचा सडा. मृगाची मोठी सर नुकतीच ओसरली आहे. दक्षिणेकडे काळे ढग.)

मृग लागला की गोव्यातले आकाशनिरीक्षक आपापल्या दुर्बिणी पुसून पेटीत ठेवतात. मालीमच्या जेटीवर ट्रॉलर ओळीनं बांधलेले असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि आकाश तर त्याहून जास्त दिवस बंद. सप्टेंबर सरेपर्यंत सलग दोन रात्री तारे दिसले तरी खूप झालं.

या ढगांच्या पुष्कळ वर, ६५० किलोमीटर उंचीवर, भारताची एक वेधशाळा फिरते आहे. तिचं नाव ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० या रॉकेटनं ती कक्षेत सोडली. वजन दीड टनाच्या आसपास. अतिनील किरणांपासून तीव्र क्ष-किरणांपर्यंत जे काही वातावरण आपल्यापर्यंत पोचू देत नाही, ते पाहण्यासाठी ती वर आहे.

तिची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कोन करते. गोवा साडेपंधरा अक्षांशावर. त्यामुळे हा उपग्रह आपल्या डोक्यावरून कधीच जात नाही. जातो तो नेहमी दक्षिणेकडून, काणकोणच्या बाजूनं, आणि पणजीहून पाहिलं तर क्षितिजापासून फार तर पंचवीसेक अंश वर चढतो. पृथ्वीभोवतीची त्याची फेरी ९८ मिनिटांची, पण तेवढ्यात खाली पृथ्वीही त्याच दिशेनं पुढे सरकलेली असते. म्हणून गोव्याच्या दक्षिणेला तो पुन्हा येतो साधारण पावणेदोन तासांनी. पाऊस असो, ऊन असो, रात्र असो.

अवकाशातल्या दुर्बिणींनी काढलेली चित्रं आपण खूप पाहतो. ते चित्र हाती येण्याआधी आणि आल्यानंतर जे काम चालतं, ते मात्र क्वचितच कुणी दाखवतं. दुर्बिणीला जे दिसलं ते खरंच आकाशातलं आहे, की यंत्राच्या पोटातलं, हे ठरवण्याचं काम. आम्हाला इथं तेच दाखवायचं आहे. माझ्या मते वेधशाळेचा अर्धा जीव त्या कामात असतो.

(दृश्य : ॲस्ट्रोसॅटच्या कक्षेचं ॲनिमेशन. पृथ्वीचा अर्धा भाग उजेडात, अर्धा अंधारात.)

ढग नाहीत म्हणजे वर सगळं मोकळं, असं वाटेल. तसं नाही. सूर्य ज्या बाजूला असेल तिकडे दुर्बीण वळवता येत नाही. पृथ्वी आड येते. तिच्या उजळ कडेजवळचा प्रकाशही नको असतो. उपग्रह ज्या दिशेनं धावतो त्या दिशेला आरसे रोखले, तर त्या उंचीवरही असलेले ऑक्सिजनचे अणू येऊन आदळतात आणि आरशांची हानी करतात. त्यात दक्षिण अटलांटिकवर एक टापू आहे, जिथं पृथ्वीभोवतीचे विद्युतभारित कण खूप खाली उतरतात. कक्षा ६ अंशांची निवडली त्यामागे हेच मोठं कारण होतं. या टापूच्या नुसत्या कडेवरून जावं लागतं. पण कडेवरून जातानाही उपग्रहावरचा कणमापक इशारा देतो आणि नाजूक शोधकांचं, म्हणजे किरण टिपणाऱ्या भागांचं, उच्च व्होल्टेज उतरवावं लागतं.

अतिनील दुर्बीण, म्हणजे यूव्हीआयटी, तर फक्त पृथ्वीच्या सावलीत पाहते. एका फेरीत सावली मिळते जेमतेम ३५ मिनिटं. तिथून उजेडात यायच्या आत शोधक शांत करायचे. पुढच्या फेरीत पुन्हा तेच.

आणि कुठलाही नवा भाग पाहायचा ठरला, की आधी ताऱ्यांच्या याद्या तपासल्या जातात. या भागात अतिनील प्रकाशात फार तेजस्वी असलेला एखादा तारा आहे का? असेल तर तिकडे पाहायचंच नाही, किंवा जास्त प्रकाश अडवणारा फिल्टर लावायचा. हा शोधक एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, मोजण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्यावर प्रखर तारा पडला तर कायमची इजा होऊ शकते, आणि दुरुस्तीला वर कुणी जाणार नाही.

ही काळजी पहिल्या दिवसापासूनची. उड्डाण सप्टेंबरमध्ये झालं, तरी यूव्हीआयटीची झाकणं उघडली ३० नोव्हेंबरला. दोन महिने ती मिटलेली ठेवली, कारण नव्या उपग्रहाच्या रंगांतून, गोंदांतून, वायरींच्या आवरणांतून निर्वातात वाफा निघत राहतात. त्यातले कार्बनी रेणू आरशावर बसले, वरून सूर्याचे अतिनील किरण पडले, की ते तिथंच घट्ट होतात. डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ थर अतिनील दुर्बिणीला अधू करायला पुरतो. इतक्या वर्षांचं काम उभं असताना दोन महिने थांबून राहणं सोपं नसतं. या निर्णयाचा मला फार आदर वाटतो.

(दृश्य : म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. तराजू, वजनं. वजनावरचा शिक्का जवळून.)

बाजारातल्या वजनावर वजनमाप खात्याचा शिक्का असतो. दुकानदाराचा तराजू बरोबर आहे की नाही, हे त्या शिक्क्याच्या वजनावरून कळतं. यूव्हीआयटीसाठी असं शिक्क्याचं वजन म्हणजे वृषभ राशीतला एक फिका तारा, एचझेड ४. हा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला तप्त गाभा आहे. त्याचा प्रकाश वर्षानुवर्षं बदलत नाही, आणि कुठल्या तरंगलांबीला तो किती आहे हे आधीच नीट मोजलेलं आहे. दुर्बीण त्याच्यावर रोखायची, सेकंदाला किती फोटॉन नोंदले गेले ते पाहायचं, आणि त्यावरून ठरवायचं की एवढे फोटॉन म्हणजे प्रत्यक्षात एवढा प्रकाश. मग तोच तारा दृश्याच्या मधोमध न ठेवता कडेला, कोपऱ्यात, वेगवेगळ्या जागी नेऊन पाहायचा. शोधकाचा प्रत्येक भाग सारखाच संवेदनशील नसतो. कुठं किती कमीजास्त, त्याचा नकाशा यातून तयार होतो.

दुसरी जागा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची.

(दृश्य : डिसेंबरची रात्र, मोरजीचा किनारा. उत्तरेकडे, माडांच्या शेंड्यांच्या जरा वर, ध्रुवतारा.)

गोव्यातून ध्रुव फार वर दिसत नाही. जेवढे आपले अक्षांश, तेवढीच त्याची उंची, साडेपंधरा अंश. लग्नात नवरीला दाखवतात तो हाच. त्याच्यापासून चारेक अंशांवर एनजीसी १८८ नावाचा ताऱ्यांचा गुच्छ आहे, काही अब्ज वर्षांचा, खूप जुना. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण ध्रुवाच्या इतका जवळ असल्यामुळे सूर्य कधीच त्याच्या वाटेत येत नाही, आणि वर्षाच्या कुठल्याही महिन्यात दुर्बीण त्याच्याकडे वळवता येते. तिथं शोधकाला धोका होईल असा प्रखर तारा नाही. म्हणून झाकणं उघडल्यावर यूव्हीआयटीनं पहिल्यांदा पाहिला तो हाच गुच्छ. त्यानंतरही ठरावीक काळानं तिथं परत जायचं, त्याच ताऱ्यांचा प्रकाश पुन्हा मोजायचा. आकडा घसरू लागला तर समजायचं, तारे नव्हे, आपले आरसे मंदावत आहेत.

या नेहमीच्या पारखीतून एक सुंदर गोष्ट निघाली. एनजीसी १८८मधला एक तारा अतिनील प्रकाशात अपेक्षेपेक्षा खूप जास्त तेजस्वी निघाला. यंत्राचा दोष असावा असं आधी वाटणं साहजिक होतं. पण बाकीचे तारे बरोबर येत होते. मग लक्षात आलं, तो एकटा नाही. त्याच्या शेजारी एक अतिशय तप्त सोबती दडलेला आहे. खगोलशास्त्रज्ञ अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हे प्रसिद्ध केलं. यंत्र तपासायला म्हणून घेतलेली मापं, आणि त्यातून नवा तारा.

(दृश्य : साखळीतलं जुनं घर. राजांगणात पाऊस पडतो आहे. ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली विद्यार्थिनी.)

ही एमएस्सीला आहे. ॲस्ट्रोसॅटचा संग्रहित डेटा २०१८पासून सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणून साखळीतल्या या ओट्यावरूनही तो उतरवून घेता येतो. उपग्रहाकडून तो आधी बंगळूरजवळच्या ब्यालाळूला येतो. तिथून ज्या त्या उपकरणाच्या केंद्राकडे. अतिनीलचा बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे, मृदू क्ष-किरणांचा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे, तीव्र क्ष-किरण टिपणाऱ्या सीझेडटीआय या उपकरणाचा पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन केंद्राकडे.

तिनं निवडला आहे क्रॅब. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचा हा अवशेष, आणि त्याच्या पोटात सेकंदाला तीसेक गिरक्या घेणारा पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्यांनी किरण फेकणारा ताऱ्याचा गाभा.

“सर म्हणतात, आधी बॅकग्राउंड बघ, मग तारा बघ,” ती सांगते. “मी आधी काय करते, तर कुठले पिक्सेल उगाच ओरडतात ते काढून टाकते. मग दक्षिण अटलांटिकवरचा वेळ कापते. मग पृथ्वी आड होती तो वेळ. उरतं त्यात क्रॅब शोधायचा.”

सीझेडटीआयमध्ये १६,३८४ पिक्सेल आहेत. त्यांतल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्याच ऊर्जेचा फोटॉन दोन शेजारी पिक्सेल वेगवेगळा सांगतील. म्हणून उपकरणातच अमेरिशिअम-२४१चा किरणोत्सारी स्रोत बसवला आहे. त्याचे ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन कायम येत राहतात, आणि मोजपट्टी कुठं सरकली ते त्यावरून कळतं. मृदू क्ष-किरणांच्या दुर्बिणीत हेच काम लोह-५५ करतं. तिचा सीसीडी, म्हणजे किरण टिपणारी चिप, शून्याखाली ८० अंश सेल्सिअसवर थंड ठेवलेला असतो, आणि त्याच्या कोपऱ्यांवर लोहाचा हा उजेड पडत असतो. पण लोह-५५चं अर्धायुष्य २.७ वर्षांचं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं होतं. दहा वर्षांत त्याचं तेज मूळच्या साधारण तेराव्या भागावर येतं. म्हणजे पारख करणारी वस्तूच मंदावत जाते, आणि तिच्या मंदावण्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

क्रॅबचा आणखी एक उपयोग होतो. उपग्रहावरचं घड्याळ बरोबर आहे का, हे पल्सारच्या ठोक्यांवरून तपासता येतं. त्यासाठी तोच पल्सार जमिनीवरून रेडिओ दुर्बिणींनी पाहिला गेला: एक उटीची, आणि दुसरी नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी. दोन्हीकडच्या ठोक्यांच्या वेळा जुळवल्या, तेव्हा ॲस्ट्रोसॅटच्या नोंदींत काही मिलिसेकंदांचा ठरावीक फरक सापडला. एकदा तो कळला की हिशेबातून वजा करता येतो. सेकंदात तीस ठोके देणाऱ्या वस्तूसाठी काही मिलिसेकंद ही लहान गोष्ट नाही.

आता मृगाकडे येऊ. मृग लागतो, म्हणजे सूर्य मृगशीर्ष नक्षत्रात शिरतो. क्रॅब तिथून जवळच, वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी आहे. जूनच्या मध्याला सूर्य त्याच्यापासून अवघ्या सव्वा अंशाच्या आसपास जातो. ज्या दिवसांत गोव्याचं आकाश ढगांनी झाकलेलं असतं, नेमक्या त्याच दिवसांत ६५० किलोमीटरवरच्या दुर्बिणीलाही क्रॅब पाहता येत नाही. पेरणीच्या आपल्या पंचांगाला आणि क्ष-किरण दुर्बिणीच्या वेळापत्रकाला तोच सूर्य बांधून ठेवतो, हे समजलं त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता.

(दृश्य : यूव्हीआयटीचं खोल आकाशाचं चित्र. कृष्णधवल, बारीक ठिपके.)

आता हा ठिपका पाहा. ऑक्टोबर २०१६मध्ये यूव्हीआयटीनं आकाशाचा एक भाग २८ तासांहून जास्त वेळ पाहिला. सेकंदाला सुमारे २९ फ्रेम. उपग्रह सतत किंचित हलतो, म्हणून दृश्य प्रकाशाच्या शोधकानं ताऱ्यांवर नजर ठेवून ते हलणं नोंदवायचं, आणि मग प्रत्येक फोटॉन त्याच्या खऱ्या जागी सरकवायचा. वैश्विक किरणांच्या माऱ्यानं बिघडलेल्या फ्रेम बाजूला काढायच्या. या सगळ्यातून जे उरलं त्यात आयुकाच्या कनक साहा यांच्या गटाला एक दीर्घिका सापडली. एयूडीएफएस०१. ९.३ अब्ज प्रकाशवर्षं दूर, आणि तिच्यातून येणारा अतितीव्र अतिनील प्रकाश या दुर्बिणीनं टिपलेला.

हबल दुर्बिणीचा आरसा यूव्हीआयटीच्या आरशाहून कितीतरी मोठा आहे. तरी हे काम यूव्हीआयटीला जमलं, कारण तिच्या शोधकात स्वतःचा गोंगाट फारच कमी आहे. आणि तो किती कमी आहे, हे कुणीतरी आधी मोजून ठेवलेलं होतं. निरीक्षण २८ तासांचं. तो प्रकाश खरोखर त्याच दीर्घिकेचा आहे, शेजारच्या कशाचा नाही, यंत्राचा नाही, याची खात्री करायला जवळजवळ दोन वर्षं लागली. शोधनिबंध आला ऑगस्ट २०२०मध्ये.

साखळीच्या त्या ओट्यावर आता क्रॅबचा पहिला आलेख तयार झाला आहे. आकडा प्रसिद्ध झालेल्या आकड्यापेक्षा थोडा कमी येतो. “प्रत्येक फेरीचा उजेडातला अन् अंधारातला भाग वेगळा करून बघते,” ती म्हणते, आणि फाईल पुन्हा पहिल्यापासून चालवायला घेते.